भाजलेल्या ज्वारीचा डबा

दुसऱ्या डब्यात कुणीतरी चोरून पाणी घालत होतं.

बुधवारी सकाळी मी वर्ग उघडला तेव्हा खिडकीतल्या फळीवर दोन्ही डबे जागच्या जागी होते. पहिल्यातल्या ज्वारीचे कोंब मातीतून वर आले होते. दुसऱ्यात नुसता चिखल, आणि त्यावर चार-दोन तपकिरी दाणे तरंगत होते. फळीसुद्धा ओली होती.

"हे कुणाचं काम?" मी विचारलं.

हॉस्टेलच्या एकवीस मुलांनी माना वळवून मागे पाहिलं. मग मागच्या रांगेतून करुणा उभी राहिली. नऊ वर्षांची, वयाच्या मानाने लहानखुरी.

"मी घालत व्हते, मिस."

"दोन्ही डब्यांना एकेकच पेला, असं सांगितलं होतं ना?"

"हाव. पर एकानं काय व्हईना. म्हून जास्तीचं घातलं."

मुलं हसली. मीही हसले, हे आधीच सांगून टाकते.

मी त्या वेळी लातूरला आमच्या चर्चच्या हॉस्टेलची वॉर्डन होते आणि संडे स्कूलची मुख्य शिक्षिकाही. संडे स्कूल म्हणजे रविवारच्या उपासनेआधी भरणारा मुलांचा बायबलचा वर्ग. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तो आम्ही रोज घेतो. मी मूळची कंधारची, डी.एड. नांदेडला केलेलं. मुलांना शिकवायचं तर वस्तू हातात घेऊन शिकवावं, असं तिथे मनावर ठसवलं होतं. ते माझ्या अंगात जरा जास्तच भिनलं.

ईस्टर म्हणजे प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा सण. शुक्रवारी त्याला वधस्तंभावर मारलं, कबरेत ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. मोठ्यांना हे सांगून भागतं. मुलांना भागत नाही. ती विचारतात, कसा उठला? त्यावर माझा दोन डब्यांचा प्रयोग होता. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या बरोबर आठवडाभर आधी, दूध पावडरीच्या दोन रिकाम्या डब्यांत माती भरायची. एकात कच्ची ज्वारी पेरायची, दुसऱ्यात तव्यावर भाजलेली. दोन्हींना सारखं पाणी. ईस्टरपर्यंत पहिला डबा हिरवागार होतो, दुसरा तसाच राहतो. मग मुलांना सांगायचं, की ज्याच्यात देवाचं जीवन आहे ते मातीतून वर येतं.

हा प्रयोग माझ्या नावावर होता. शिक्षकांच्या शिबिरात मी तो करून दाखवला होता, उदगीरपासून नायगावपर्यंतच्या शिक्षकांनी तो उचलला होता. दरवर्षी मी त्यात थोडी भर घालत गेले. त्या वर्षीच्या रविवारी डबे भरताना मी मुलांना म्हणाले, "आगीतून गेलेलं बी उगवत नाही. म्हणून तर आपण आपली माणसं जाळत नाही, मातीत ठेवतो. त्यांना उठायचं असतं."

हे वाक्य आमच्या शिकवणीच्या पुस्तकात कुठेच नाही. ती भर माझी.

करुणा अजून उभीच होती. मी म्हटलं, "बस आता. भाजलेल्या दाण्याला घागरभर पाणी घातलं तरी तो उगवणार नाही."

ती बसली नाही. म्हणाली, "मिस, माझ्या आईला तर सोजरांनी जाळलं. सगळ्यांसंगं. मंग ती न्हाई उठायची का?"

वर्गात कुणी हसलं नाही. खडू हातात होता, तो मी उगाच फळ्याच्या कडेला ठेवला आणि म्हटलं, "वर्ग सुटला."

करुणा औसा तालुक्यातल्या एका गावची. भूकंपाला तेव्हा सहा महिने झाले होते. तिला आणि तिच्या वडिलांना शेजाऱ्यांनी बाहेर काढलं होतं. आईला काढायला दुसरा दिवस लागला. गावात ख्रिस्ती घरं दोन. एरवी ती बाई गावाबाहेरच्या आमच्या दफनाच्या जागेत पुरली गेली असती. पण त्या दिवसांत पाऊस लागला होता, प्रेतं ओळीने ठेवलेली, आणि लष्करी जवान जमेल तसं दहन उरकत होते. कुणाचा धर्म कोणता, हे विचारायची ती वेळ नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. तिचा प्रवेशाचा फॉर्म मीच भरला होता. तरी मी भर वर्गात तव्यावर ज्वारी भाजली. शिक्षकाच्या डोळ्यांवर स्वतःच्या हुशारीची झापड आली, की समोरचं पोर दिसत नाही.

त्या दिवशी करुणा जेवली नाही. हॉस्टेलमध्ये आल्यापासून तीन महिने ती कुणाशी बोलत नव्हती. आत्ता कुठे बोलायला लागली होती, ती पुन्हा मिटली. एवढंच म्हणायची, "मला बा-कडं जायचंय." बा म्हणजे तिचे वडील, येशुदास. ते गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहत. तिथे शाळा नव्हती, एक मोठा तंबू होता आणि मास्तर आला तर आला. ती गेली असती तर परत आली नसती. मी बऱ्याच मुली तशा जाताना पाहिल्या होत्या. नाइलाजाने येशुदासना निरोप धाडला, की येऊन लेकीला भेटून जा.

आणि गुरुवारी दुपारी, हॉस्टेल झोपलेलं असताना, मी एक काम केलं. ज्वारीची उसळ कुणी करत नाही, तरी मी बुधवारीच मूठभर ज्वारी भिजवून ओल्या फडक्यात बांधली होती. तिला पांढरे मोड फुटले होते. दुसऱ्या डब्यातला चिखल उपसला, भाजलेले दाणे काढून टाकले, आणि ही मोडाची ज्वारी वरच्यावर मातीत दाबली. उन्हाळा कडक, ईस्टरपर्यंत नक्की वर येणार. मनाची समजूत अशी घातली, की एका लेकराचा विश्वास वाचतोय, बाकीचं देव बघून घेईल.

शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू जे सात वेळा बोलला, त्यावर सात संदेश. मी तीन तास बसले आणि एकही शब्द कानांत शिरला नाही. डोळ्यांसमोर डबाच होता.

शनिवारी सकाळी करुणा धावत माझ्या खोलीत आली. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"मिस! उगवलं! भाजलेलं उगवलं!"

ती हॉस्टेलला आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी नजर चुकवून तिला चप्पल काढायला सांगितलं.

अकराच्या सुमारास येशुदास आले. उंच माणूस, एका पायाने लंगडत होते. भूकंपानंतर ते कधी चर्चमध्ये आले नव्हते. हॉस्टेलला आले तरी फाटकातून बोलून जायचे. करुणाने त्यांचा हात धरून त्यांना ओढत वर्गात नेलं.

"बा, हे बघ. मिसनं तव्यावर भाजलेलं हाय. तरी बी उगवलं. आई बी उठंल, बा."

येशुदास त्या डब्यासमोर उभे राहिले. मोडांना हिरवं टोक आलं होतं. त्यांनी वाकून थोडी माती चिमटीत घेऊन पाहिली. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "खरं हाय का, मिस?"

लेकरू विचारत होतं तोवर मी निभावून नेलं असतं. पण शेतात जन्म काढलेला माणूस होता तो. भाजलेल्या ज्वारीचं काय होतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी तो विचारत होता, आणि उत्तर हो यावं असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"जरा थांबा, येशुदासभाऊ. मी येते," म्हणून मी सरळ पाळकसाहेबांकडे गेले.

पाळक म्हणजे मंडळीचे, चर्चच्या सगळ्या लोकांचे, धर्मगुरू. आमचे पाळकसाहेब निवृत्तीला आलेले, उदगीरकडचे. कमी बोलायचे. ते उद्याच्या संदेशाचे कागद घेऊन बसले होते. शेजारी चर्चचे सेक्रेटरी, मंडळीचं रजिस्टर उघडून. मी उद्याच्या पहाटेच्या उपासनेबद्दल, मुलांच्या गाण्याबद्दल बोलत राहिले.

"मिस, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?" पाळकसाहेब म्हणाले. "काय झालं ते सांगा."

मी सांगितलं. सगळं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माणसं जाळली तर उठणार नाहीत, हे कोणत्या अध्यायात आहे?"

"कुठल्याच नाही."

"पहिल्या काळातले किती विश्वासणारे जिवंत जाळले गेले. ते काय असेच राहणार? आणि आपले शेजारी दहनच करतात. त्यांच्याबद्दल मुलांच्या मनात काय बसलं असेल?"

मी मान खाली घातली.

"दुसरं. येशूची कबर रिकामी सापडली तेव्हा लोकांनी काय आळ घेतला? शिष्यांनी येऊन प्रेत पळवलं. तो आळ खोटा होता म्हणून आपण आज इथे बसलोय. आणि तुम्ही डब्यातले दाणे पळवले!"

मला रडू आलं. ते थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मला एक सांगा. कच्ची ज्वारी मेलेली असते का?"

"नाही. जिवंत असते. म्हणून तर उगवते."

"आणि येशू कबरेत होता तेव्हा?"

"मेलेला होता."

"खरोखर मेलेला?"

"हो."

"मग कबर कोणती, मिस? पहिला डबा का दुसरा?"

इतकी वर्षं मी मुलांना जिवंत बी दाखवून मरणाचा धडा देत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी येशूच्या कबरेकडे निघालेल्या बाया सुगंधी मसाले घेऊन निघाल्या होत्या, प्रेताला लावायला. काही उगवेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. कबर म्हणजे दुसराच डबा. त्यातून आपोआप काही येत नसतं. देवाने उठवलं, म्हणून तो उठला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं माझं झालं होतं, आणि तेही आत्ता नाही, पहिल्या वर्षापासून.

"जाऊन खरं सांगा," पाळकसाहेब म्हणाले. "आणि उद्या त्या बाईचं नाव वाचू."

सेक्रेटरींनी मान वर केली. ते ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत. लातूरला तेव्हा बाहेरगावची मुलं शिकायला लोटू लागली होती आणि सरांच्या बॅचेस पहाटे पाचपासून सुरू व्हायच्या, ईस्टर असो की दिवाळी. हिशोबी, सरळ माणूस. आमच्या चर्चची रीत अशी, की ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जमते. आदल्या दिवशी घरोघरचे लोक आपापल्या कबरींना चुना लावून ठेवतात. सूर्य उगवताना सेक्रेटरी दफन रजिस्टरातून त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचतात, आणि प्रत्येक नावानंतर मुलं म्हणतात, "ख्रिस्त उठला आहे."

"कोणतं नाव?" सरांनी विचारलं.

"करुणाच्या आईचं."

"साहेब, त्यांचं दफन झालेलं नाही. दफन रजिस्टरात नोंद कशी करणार?"

"करा की."

"रकाने आहेत. तारीख, नाव, कबरेचा नंबर. नंबरच्या जागी काय लिहू?"

"ते उद्या बघू, सर."

"आणि उद्या पाचची बॅच ठेवली नाही, पण सातची आहे. उपासना लांबायला नको."

"एका नावाने किती लांबणार आहे?" पाळकसाहेब म्हणाले आणि कागदांकडे वळले.

मी वर्गात परत आले. बापलेक अजून डब्यापाशीच होते. मी बोटाने माती उकरली, मोडाचा एक दाणा बाहेर काढला आणि करुणाच्या हातावर ठेवला.

"हे भाजलेलं नाही, बाळा. हे मी घातलं. गुरुवारी. तुला बरं वाटावं म्हणून खोटं केलं."

तिने दाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. दाणा परत डब्यात टाकला आणि बाहेर निघून गेली. थोड्या वेळाने डॉर्मिटरीतून तिची पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला.

येशुदास म्हणाले, "लेकराला खोटं का म्हून दावलं, मिस? आधीच लई झालंय तिला." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "सकाळच्या गाडीनं नेतो तिला."

"किती वाजता?"

"साडेसातला हाय."

"मग पहाटे दफनभूमीत या. दोघंही. त्यानंतर मी अडवणार नाही."

ते लेकीमागे बाहेर गेले.

संध्याकाळी मी दुसरा डबा रिकामा केला, नवी माती भरली आणि तव्यावर भाजलेली ज्वारी पेरली. या वेळी दार उघडं ठेवून. मुलं येऊन बघून गेली.

पहाटे दफनभूमीत शंभरेक माणसं होती. ताज्या चुन्याचा वास येत होता. करुणा आणि येशुदास आले, पण फाटकाजवळच उभे राहिले. पेटी पायाशी होती.

मुलांचा भाग आला तेव्हा मी डबा घेऊन पुढे झाले. इतकी वर्षं वर्ग घेतले, पण त्या दिवशी डबा मी दोन्ही हातांनी धरला.

"मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," मी म्हटलं. "आधी ते दुरुस्त करते. जाळलेली माणसं उठत नाहीत, असं मी म्हणाले. ते बायबलमध्ये नाही. ते मी माझ्या पदरचं सांगितलं. नंतर ते लपवायला मी डब्यात मोडाची ज्वारी घातली. तीही लबाडी."

मंडळीत कुजबुज झाली. मी पुढे बोलत राहिले, थांबले असते तर जमलं नसतं.

"ही भाजलेली ज्वारी. यातून काही येणार नाही. मी पाणी घालून नाही, तुम्ही घालून नाही. येशूला कबरेत ठेवलं तेव्हा सगळ्यांना असंच वाटलं होतं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मेलेलं माणूस आपोआप उठत नाही. पुरलेलंही नाही, जाळलेलंही नाही. येशूला देवाने उठवलं. आपल्या माणसांनाही तोच उठवणार. त्याला चांगली माती लागत नाही आणि आख्खं बीही लागत नाही. ईस्टर म्हणजे एवढंच."

फाटकाकडून आवाज आला. "कवा?"

करुणा होती. सगळे मागे वळले.

"माहीत नाही, करुणा," मी म्हटलं.

"म्हंजी तुमाला दावता येत न्हाई."

"नाही येत."

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "दावलं ते खोटं व्हतं. मंग हे खरं असंल."

डबा मी तिथेच जमिनीवर ठेवला. मी जाऊन मुलांच्या रांगेत उभी राहिले.

सर पुढे झाले. उजेड फुटत होता. त्या वर्षी आमची सात माणसं गेली होती. एकेक नाव वाचलं गेलं, आणि मुलं झोपाळू आवाजात म्हणत गेली, "ख्रिस्त उठला आहे." सातवं नाव झालं. सरांनी रजिस्टर मिटलं नाही. चष्मा पुसला, आणि वाचलं,

"सगुणाबाई येशुदास कांबळे."

"ख्रिस्त उठला आहे," मुलं म्हणाली, आणि फाटकापासून करुणाचा आवाज त्यांच्या मागून आला, जरा उशिरा.

येशुदास खाली बसले. मातीतच. तोंडावर टॉवेल धरून हमसून हमसून रडायला लागले. "मीच हो म्हणलो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "सोजरांनी इचारलं, उचलू का? मी हो म्हणलो. दोघं माणसं आनून खड्डा घेतला असता. मी हो म्हणलो."

तेव्हा मला कळलं. माझ्या तव्याचा चटका करुणापेक्षा त्यांना जास्त बसला होता. आगीतून गेलेलं उगवत नाही, हे माझं वाक्य लेकीने त्यांना शनिवारी सकाळीच सांगितलं होतं. आणि त्याआधीचे सहा महिने तेच वाक्य ते स्वतःला सांगत होते.

पाळकसाहेब जाऊन त्यांच्याजवळ उभे राहिले, डोक्यावर हात ठेवून. मग सर आले. सात कधीच वाजून गेले होते. त्यांनी पॅन्टची फिकीर न करता जमिनीवर बसकण मारली आणि रजिस्टर येशुदासांच्या गुडघ्यावर ठेवलं.

"नाव बरोबर लिहिलंय का बघा," ते म्हणाले.

येशुदासांना वाचता येत नव्हतं. करुणाने बोट ठेवून वाचलं. तारीख, नाव. पुढच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"हितं काय न्हाई लिवलं."

"तिथे कबरेचा नंबर असतो," सर म्हणाले. फिजिक्सचा माणूस, जन्मात कधी रकाना मोकळा सोडलेला नव्हता. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, पाळकसाहेबांकडे पाहिलं, आणि पेन पुन्हा खिशात ठेवलं. "राहू दे तसाच."

येशुदास साडेसातच्या गाडीने गेले नाहीत. दुपारी मंडळीबरोबर जेवले आणि तीनच्या गाडीने एकटे गेले. पेटी मी आणि करुणाने मिळून डॉर्मिटरीत परत नेली. ती दहावीपर्यंत आमच्याकडे राहिली.

मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लातुरात आता गल्लोगल्ली क्लासेस आहेत आणि रविवारी मुलांच्या टेस्ट असतात, त्यामुळे संडे स्कूलला जेमतेम दहा-बारा पोरं येतात. तरी नव्या शिक्षिका कधीमधी विचारायला येतात, ईस्टर कसा शिकवू म्हणून. त्यांना वाटतं, मी एखादी युक्ती सांगेन. मी एवढंच सांगते, की आधी वर्गात कोण बसलंय ते बघ. आणि जे करून दाखवणं देवाचं काम आहे, ते डब्यात करून दाखवायला जाऊ नकोस.